आपल्या ओढ्याचं पाणी येतं कुठून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, रविवारी तू इतके फोन केलेस आणि एकही लागला नाही. मी कात्रजच्या डोंगरात धबधब्यावर गेले होते. धबधबा म्हटलं की तुला ती भुशी डॅमची बातमी आठवणार, ३० जून २०२४ ला हडपसरचं कुटुंब वाहून गेलं ती, म्हणून आधीच सांगते की पाऊस उघडलेला होता, आम्ही ऑफिसातले सगळे एकत्र होतो आणि पाण्याच्या धारेखाली कोणी गेलं नाही.

घाटाच्या जुन्या रस्त्यापासून आत एक पायवाट जाते, तिच्या शेवटी काळ्या कातळावरून धार पडते आणि खाली छोटा डोह आहे. बाबा, जागा इतकी सुंदर आहे ना, आजूबाजूला सोनकी फुललेली, वरच्या कपारीत शीळकरी कस्तूर पक्षी माणसासारखी शीळ घालत होता. पण डोहातून पाणी बाहेर पडायची जी फट आहे तिच्यात वेफर्सची पाकिटं इतकी गच्च बसलेली की पाणी तिथून न जाता बाजूची माती खात चाललेलं. मी एक पाकीट ओढलं तर आतून जिवंत खेकडा निघाला, मला कसंतरीच झालं. आणि शेवाळात बियरच्या बाटल्यांच्या काचा. तिथे म्हशी चारणारे एक मामा भेटले, ते म्हणाले की आता जनावरं इथे पाण्यावर आणतच नाही, एका म्हशीच्या खुरात काच गेली तेव्हापासून लांबच्या वाटेने नेतो. लोक येतात, रील काढतात, खातात-पितात आणि सगळं तिथेच टाकून जातात, मला याचा खरंच फार राग येतो.

मी दोन सरकारी ऑफिसांत फोन केले, दोघांनीही जागा आमच्या हद्दीत येत नाही म्हणून सांगितलं. मग आम्हीच गोण्या घेऊन गेलो.

तुम्हाला वाटेल एवढ्या लांब जाऊन हे कशाला. पण हे पाणी आपलंच आहे हो. तो ओहोळ खाली कात्रजच्या तळ्यात येतो, नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधलेलं तेच तळं, तिथून जमिनीखालच्या नळातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत यायचं आणि पेठांमधले हौद त्याच्यावर भरायचे. म्हणजे तेव्हाचं पुणं हे पाणी प्यायचं! आणि तळं भरलं की तेच पाणी आंबिल ओढ्याने पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतं, म्हणजे माझ्या बिल्डिंगच्या मागूनच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याने घरंच्या घरं बुडवली, माणसं गेली. पाऊस प्रचंड होता हे खरं, पण ओढ्यावर बांधकामं, भराव, पुलाखाली अडकलेला कचरा, मग पाण्याने जायचं कुठून? वर डोंगरावर गवत असलं की पाऊस मुरमात मुरतो आणि कातळाच्या फटींतून सावकाश झिरपत राहतो, म्हणून तर पाऊस थांबल्यावरही धार चालू असते. डोंगर फोडून प्लॉट पाडले की तेच पाणी माती घेऊन एकदम खाली येतं.

गोण्या भरून खाली आणल्या तर भंगारवाल्याने बाटल्या घेतल्या, पाकिटं नाही घेतली, प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असतात ते सुटे होत नाहीत म्हणे. फुटक्या काचांचं काय करायचं ते आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी सांगितलं, वेगळ्या गोणीत भरा आणि तोंडाला लाल चिंधी बांधा, नाहीतर आमचे हात कापतात. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आता सोसायटीच्या ग्रुपवर पण टाकलंय.

बाबा, एक विचारायचंय. गावी उन्हाळ्याआधी तुम्ही सगळे मिळून झरा उपसायचात तेव्हा गाळ काढल्यावर तोंडाशी दगड कसे रचायचात? मोठे खाली की चपटे? त्या डोहात गुडघाभर गाळ साठलाय आणि कडेची माती सुटायला लागलीय, दिवाळीनंतर पाणी कमी झालं की ते काम करायचं ठरलंय, मामा पण येतो म्हणालेत. फोनवर नीट समजावून सांगा, मी लिहून घेईन.

आणि आई, दादा पुण्याला येईल तेव्हा माळ्यावरच्या रिकाम्या गोण्या त्याच्याबरोबर पाठव, इथे विकत मिळतात त्या पातळ असतात, काचेने लगेच फाटतात. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू