पिशवी नको, बी पाठवा

कोथरूड, पुणे
२० मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी एसटीतून आलेली पिशवी मिळाली. गवार, वांगी, कैऱ्या, सगळं ताजं होतं. पण बाबा, कंबर धरलेली असताना तेवढं ओझं घेऊन तुम्ही कोरेगाव स्टँडपर्यंत चालत गेलात, हे शेजारच्या काकूंकडून कळलं आणि घास उतरेना. हे आता बंद करा. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

गच्चीवर आता बारा क्रेट झालेत. मातीच्या वजनाला सोसायटीची हरकत होती. मग रसवंतीतून उसाची चिपाडं आणली, वाळका पाला गोळा केला आणि त्यात घरातला ओला कचरा कुजवत गेले. चार महिन्यांनी हाताला काळी, भुसभुशीत माती लागली. तिला वासही आपल्या परड्यासारखा येतो. मेथी, पोकळा, मिरची, कढीपत्ता आता घरचाच.

दुधीनं मात्र रडवलं. बोटाएवढे धरायचे आणि पिवळे पडून गळायचे. मी शेणखत वाढवत राहिले. मग उमगलं, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं आणि आमच्या चौथ्या मजल्यावर त्या वेळी एक पाखरू फिरकत नाही. आता दिवेलागणीला नरफूल खुडून त्याचे पराग मीच मादीफुलाला लावते. आई, पहिला दुधी काढला तेव्हा तू जवळ हवी होतीस. सालीची चटणीसुद्धा केली, तुझ्यासारखी तीळ घालून.

बाकीचं शेतकरी आठवडे बाजारातून आणते. मुळशीचा आंबेमोहोर मिळतो, पुरंदरची अंजिरं आता संपत आली. तिथे मी घासाघीस करत नाही. बाबा, तुमच्या वांग्यांचा भाव पाडून मागायचे, तेव्हा तुम्ही गप्प उभे राहायचात, ते मी पाहिलंय.

तेव्हा पिशवी नको. आईनं राखेत घोळवून बरणीत ठेवलेला वाघ्या घेवडा आहे ना, त्याचं मूठभर बी पाकिटात घालून पाठवा. दुकानातल्या संकरित बियाण्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तसंच पीक येत नाही. आपल्या घेवड्याचं येतं. मृगाच्या आत पोचलं पाहिजे.

आणि बाबा, किती खोल टोकायचं, दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, ते तुमच्या अक्षरात लिहा. कागद क्रेटशेजारीच लावून ठेवीन.

तुमची,
मनू