जन्म, निर्मिती आणि शिखर : एका भाषांतराच्या निमित्ताने आभार

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

स्पॅनिश निबंधांच्या मी केलेल्या मराठी भाषांतराचे हस्तलिखित आपण मूळ मजकुराशी ओळीनओळ ताडून वाचलेत, आणि पुस्तकाच्या ऋणनिर्देशात आपले नाव घालू द्यायला मात्र ठाम नकार दिलात. नाव न घेता जाहीर पत्र लिहिले तर चालेल, एवढीच सवलत आपल्याकडून मिळाली. तिचा येथे पुरेपूर उपयोग करून घेत आहे. ऋण पुस्तकभर पसरलेले आहे, तरी या पत्रात एकाच क्रियापदकुळाबद्दल लिहितो. जन्म, निर्मिती आणि उत्कर्ष सांगणाऱ्या स्पॅनिश क्रियापदांवर आपण समासात पेन्सिलीने जितके लिहिलेत तितके दुसऱ्या कशावरही लिहिले नाहीत, आणि ते टिपण या वाटेने येणाऱ्या इतर भाषांतरकारांच्याही हाती पडावे अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात अर्थातच ‘नासेर’पासून. (स्पेनच्या बऱ्याच भागात हा उच्चार ‘नाथेर’ असा होतो, पण आपण लॅटिन अमेरिकेच्या वळणाने ‘नासेर’ म्हणता, तेव्हा येथेही तसेच लिहितो.) स्पॅनिशमध्ये बाळालाही ‘नासेर’ आणि नदीलाही ‘नासेर’. ताखो नदी आल्बार्रासिनच्या डोंगररांगेत ‘जन्मते’, एब्रो फोन्तिब्रे येथे ‘जन्मते’ असे परंपरेने मानतात; त्याच क्रियापदाने सूर्य येतो, झाडाला पाने येतात, मनात शंका येते. मराठीत मूल जन्माला येते, नदी उगम पावते, सूर्य उगवतो, झाडाला पालवी फुटते, शंका येते आणि चळवळ उभी राहते. हे सारे शब्द मराठी माणसाला पाठ असतात. अडचण शब्दांची नसून सवयीची असते, कारण मूळ मजकुरात तेच क्रियापद दहाव्यांदा समोर आले की लेखणी आपोआप ‘जन्म’ लिहू लागते. आपण अशा प्रत्येक जागी समासात दोनच शब्द लिहिलेत : ‘जन्म कोणाचा?’ पुढेपुढे तर नुसते प्रश्नचिन्ह पुरेसे झाले.

पण आपला हा प्रश्न म्हणजे यांत्रिक नियम नव्हता, हे मला विशेष सांगायचे आहे. एका निबंधात लेखकाने नदी आणि तिच्या काठी वाढलेला स्वतःचा बाप या दोघांनाही एकाच वाक्यात एकच ‘नासेर’ जोडले होते, आणि त्या वाक्याचा सारा जीव त्या एकाच क्रियापदात होता. तेथे नदीला ‘उगम’ आणि बापाला ‘जन्म’ दिला असता, तर व्याकरण निर्दोष राहून वाक्य मेले असते. आपण लिहिलेत, ‘नदी मराठीत बाईच आहे, तिला जन्मू द्या.’ ते वाक्य मी तसेच ठेवले आहे आणि पुस्तकातल्या माझ्या आवडत्या वाक्यांपैकी ते एक आहे.

काळाच्या बाबतीत आपण दिलेले उदाहरण तर मी आता सगळ्यांना सांगत असतो. स्पॅनिश चरित्रलेखक आणि पत्रकार एखाद्या जन्माची वार्ता सांगताना साध्या भूतकाळाऐवजी कधीकधी अपूर्ण भूतकाळ वापरतात. पाब्लो पिकासो यांच्याविषयी ते सहज लिहून जातात की 25 ऑक्टोबर 1881 रोजी मालागा येथे ते ‘नासिआ’, म्हणजे अक्षरशः ‘जन्मत होते’. घटना एका क्षणाची, पण क्रियापद ती लांबवून धरते आणि वाचकाला जणू दारात उभे करते. मराठीत ‘जन्मत होते’ असे लिहिले तर प्रसूती अडली की काय अशी शंका यायची! व्यक्तीसाठी ‘जन्म झाला’ हेच ठेवावे आणि लांबवलेपणाचा परिणाम वाक्याच्या चालीतून साधावा. उलट नवे युग किंवा नवी शैली ‘नासिआ’ असेल तर ‘उदयाला येत होती’ हे निःशंक लिहावे, कारण युगाच्या उदयाला वेळ लागतोच. आपल्या या दोन वाक्यांच्या सल्ल्याने माझी कितीतरी पाने सुटसुटीत झाली.

वाक्प्रचारांत काही जागा अनपेक्षितपणे सोप्या निघाल्या. अपघातातून बचावलेला स्पॅनिश माणूस ‘बोल्बेर आ नासेर’ म्हणतो आणि आपण ‘पुनर्जन्म झाला’ म्हणतो. तेथे थांबायचे कारणच नव्हते. ‘नासेर दे पिए’ मात्र फसवे आहे. शब्दशः अर्थ पायांवर जन्मणे, आणि आशय असा की हा माणूस नशीब काढून आला आहे. मराठीत पायाकडून जन्मलेल्यासाठी ‘पायाळू’ हा नेमका शब्द तयार आहे, म्हणून तो घालावासा वाटतो. पण पायाळूबरोबर गुप्तधन दिसण्याच्या आणि अंगावर वीज पडण्याच्या समजुती येतात, आणि स्पॅनिश वाक्याला त्यांच्याशी काही कर्तव्य नाही. आपण ‘नशीब काढून आला’ हेच सुचवलेत.

बाळंतपणाच्या शब्दांकडे वळतो, कारण तेथे आपले वैद्यकीय वाचन माझ्या कामी आले. ‘पारीर’ हे रोखठोक क्रियापद गाईम्हशींनाही लागते आणि बाईलाही. मराठीत गाय व्याली, बाई बाळंत झाली, आणि कागदोपत्री ती प्रसूत झाली, अशी तीन दालने आहेत. ‘दार आ लुस’ म्हणजे शब्दशः उजेडाला देणे. अर्थ जन्म देणे आणि, पुस्तकाच्या बाबतीत, प्रसिद्ध करणे. येथे मराठीला काहीच उसने घ्यावे लागत नाही, कारण आपला ‘प्रकाशक’ तेच करत असतो. ‘आलुम्ब्रार’मध्येही उजेडच आहे : दिवा लावणे, बाळाला जन्म देणे आणि जमिनीखालचे पाणी वर आणणे, हे तिन्ही त्या एका क्रियापदात मावते. त्यावरून आलेला ‘आलुम्ब्रामिएन्तो’ हा शब्द साध्या लेखनात प्रसूती या अर्थाने येतो, पण प्रसूतिशास्त्रात तो बाळ जन्मल्यानंतर वार (प्लासेंटा) पडण्याच्या टप्प्याला म्हणतात. एका सुईणीवरच्या निबंधात, बाळ रडून झाल्यावर, हा शब्द आला होता. आपण त्या परिच्छेदापुढे ‘बाळ आधीच बाहेर आले आहे, आता वार’ एवढेच लिहिलेत, आणि त्या बाईची पुढची सगळी धावपळ मला एकदम लख्ख दिसली.

याच कुळातल्या दोन म्हणींवर आपण फार खूश झाला होता, त्या येथे नोंदवतोच. ‘आधीच आम्ही थोडे होतो, त्यात आजी व्याली’ ही स्पॅनिश म्हण संकटात आणखी भर पडली की म्हणतात, आणि ‘थोडे’ हा त्यातला टोमणा आहे, कारण घरात माणसे आधीच मावत नसतात. ‘दुष्काळात तेरावा महिना’ तिच्यासमोर जणू वाट पाहत उभा होता. दुसरी ‘एल पार्तो दे लोस मोन्तेस’, डोंगरांचे बाळंतपण : मोठ्या कळा देऊन शेवटी उंदीर जन्मतो, ही कल्पना लॅटिनमधून आलेली. आपण डोंगर पोखरून उंदीर काढतो. बाळंतपण गेले, श्रम आले, उंदीर मात्र दोन्हीकडे तोच राहिला. निबंधाचे शीर्षकच हे असल्यामुळे आपण मराठी म्हण वापरायला लावलीत आणि कळांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात वेगळा आणायला सांगितलात.

‘क्रेआर’ आणि ‘क्रिआर’ ही लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाची दोन लेकरे. एकाने निर्मितीचा वाटा घेतला, दुसऱ्याने संगोपनाचा : दूध पाजणे, वाढवणे, गुरे पाळणे. ‘क्रिआतुरा’ हा शब्द अजूनही दोन्ही घरी ये-जा करतो, म्हणजे तो देवाने निर्मिलेला जीवही असतो आणि तान्हे मूलही. त्यात भर म्हणून ‘क्रेओ’ या एका रूपाचे ‘मी निर्माण करतो’ आणि ‘माझा विश्वास आहे’ असे दोन अर्थ होतात, आणि आमच्या लेखकाने त्यावर एक अख्खे पान श्लेष केला आहे. त्या पानाबद्दल आपण दिलेली परवानगी, की श्लेष सोडून द्यावा आणि आशय राखावा, ती मी अजूनही अर्ध्या मनानेच स्वीकारली आहे. ‘कावळे पाळ, ते तुझे डोळे फोडतील’ या म्हणीसाठी सापाला दूध पाजणे जवळ होते, पण लेखकाने पुढे चार ओळी खऱ्याखुऱ्या कावळ्यांवर लिहिल्या असल्यामुळे कावळेच ठेवावे लागले.

‘निर्माण करणे’ या जोडशब्दावर आपला राग आहे, तो एव्हाना मलाही लागला आहे. ‘क्रेआर’ दिसले की निर्माण करायचे, ही सरकारी मराठीची खोड. स्पॅनिशमध्ये कंपनीही ‘क्रेआर’ करतात आणि संकेतस्थळावरचे खातेही; मराठीत कंपनी काढतात, खाते उघडतात, वातावरण तयार होते, शिल्प घडवतात, स्तोत्र रचतात. रोजगार तेवढे निर्माण होऊ द्यावेत, असे आपण मोठ्या मनाने मान्य केलेत.

आता शिखराकडे. ‘कुल्मिनार’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘कुल्मेन’ आहे, ज्याचा अर्थ शिखर, आणि घराच्या छपराचे आढेही. स्पॅनिशमध्ये हे क्रियापद परमावधीला पोहोचणे आणि काम पुरे करणे अशी दोन्ही कामे करते, शिवाय खगोलशास्त्रात तारा याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे आपल्या आकाशातल्या सर्वांत उंच जागी येतो, त्यालाही तेच म्हणतात. मराठी मात्र विचारते, शेवट गोड की कडू? वाटाघाटींची परिणती करारात होते, भांडणाचे पर्यवसान मारामारीत होते, उत्सवाची सांगता होते, आणि मोहीम तडीस जाते. ‘परमोच्च बिंदू’ हा वर्तमानपत्री ठोकळा आपण जेथे दिसला तेथे खोडलात, आणि खोडताना पेन्सिलीवर जरा जोरच दिलात.

‘कोरोनार’मुळे या पत्रातले दोन्ही विषय एकत्र येतात. मुकुट घालणे हा मूळ अर्थ. गिर्यारोहक शिखर ‘कोरोनार’ करतो, सायकलपटू घाट ‘कोरोनार’ करतो, बुद्धिबळात प्यादे शेवटच्या घरात जाऊन वजीर होते तेही ‘कोरोनार’, आणि प्रसूतीत बाळाचे डोके दिसू लागते तेही ‘कोरोनार’. शिखर आपण सर करतो, घाटमाथा गाठतो, प्याद्याचा वजीर करतो, आणि बाळाचे डोके नुसते दिसते. एका क्रियापदाची चार करावी लागली आणि चारही ठिकाणी मुकुट गेला, याची हळहळ आपल्यालाही वाटली हे मला ठाऊक आहे.

आणि ‘कोल्मो’! या एका शब्दासाठी सुद्धा मी हे पत्र लिहिले असते. ‘एस एल कोल्मो’ म्हणजे कळस झाला, हद्द झाली. मूर्खपणाचा कळस या आपल्या प्रयोगाला तो शब्दशः जुळतो, म्हणून मी तेथे पुढे गेलो होतो. आपण मला थांबवून मूळ अर्थ दाखवलात : मापात धान्य भरताना काठाच्या वर जी रास उभी राहते ती ‘कोल्मो’. मराठीत ती शीग. उत्साह शिगेला पोहोचतो तो याच मापावरच्या टोकावर, हे रोज बोलणाऱ्या किती जणांच्या ध्यानात असेल, कोण जाणे! तेव्हापासून आनंद, उत्सुकता आणि ताण यांच्या ‘कोल्मो’ला मी शीग देतो आणि निर्लज्जपणाच्या ‘कोल्मो’ला कळस.

‘आउखे’च्या बाबतीत उलट संयम आपण शिकवलात. स्पॅनिशमध्ये तो अरबी ‘औज’वरून आला, आणि अरबीत संस्कृत ‘उच्च’वरून, भारतीय ज्योतिषातला ग्रहकक्षेचा ‘उच्च’ बिंदू असा फिरत फिरत स्पेनला पोहोचला. हे कळल्यावर भाषांतरात ‘उच्च’ घालण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण निबंधात बंदरातला व्यापार ‘आउखे’मध्ये होता, आणि मराठीत व्यापार ऐन भरात असतो. व्युत्पत्तीचा आनंद भाषांतरकाराने स्वतःपाशी ठेवावा, असे आपण म्हणालात. मी तो येथे वाटून टाकला, त्याबद्दल रागावू नये.

‘दे बिएन नासिदोस एस सेर आग्रादेसिदोस’ ही म्हण पुस्तकात आलीच आहे. ‘बिएन नासिदो’ म्हणजे शब्दशः चांगला जन्मलेला, पण आजच्या स्पॅनिशमध्ये कुळाचा संबंध मागे पडून सभ्य माणूस एवढेच उरते. ‘कुलीन’ लिहिले असते तर नको ती उतरंड आत आली असती. ‘भल्या माणसाला उपकाराची जाण असते’ हे आपले रूप छापले आहे.

एक जागा मात्र आपण अजून सोडवून दिलेली नाही. ‘कुआखार’ या क्रियापदाने दूध विरजते, झाडाला फळ धरते, जमिनीवर बर्फ टिकते आणि कल्पना मूळ धरते. शेवटच्या निबंधात लेखकाने दूध आणि कल्पना एकाच ‘कुआखार’ला जुंपली आहेत. ‘जमून आली’ असे सध्या ठेवले आहे, पण दुधाला ते नीट लागत नाही. मुद्रितशोधनाची दुसरी प्रत हाती येताच ते पान आपल्याकडे पाठवतो. समास मोठा सोडायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक भाषांतरकार