नाद संपेपर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,

सादर प्रणाम.

सहा महिन्यांपूर्वी फोनवर बोलताना बाबांनी एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि मी आवाज चढवून उत्तर दिले. त्यानंतर बाबांनी काहीही न बोलता फोन आईच्या हाती दिला, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही. त्याची क्षमा मागायची राहून गेली होती, म्हणून हे पत्र.

त्याच सुमारास मी दर शनिवारी संध्याकाळी काही जणांबरोबर नादध्यानाला बसू लागले. आम्ही पंधराएक जण वर्तुळात बसतो, मध्ये ठेवलेल्या काशाच्या वाडग्यावर एकच टोला दिला जातो आणि ज्याला नाद ऐकू यायचा थांबेल त्याने हात वर करायचा, एवढेच सांगितलेले असते. पहिल्या दिवशी सर्वांत आधी हात वर गेला तो माझा. नाद चालूच होता. माझे लक्ष मात्र केव्हाच दुसरीकडे गेले होते. वाडगा तंतोतंत गोल नसल्यामुळे त्यातून जवळजवळ सारख्या दोन कंपनसंख्या उमटतात आणि त्यांच्यातील फरकामुळे नाद हलके हलके कमी-जास्त होत राहतो, हे मला नंतर कळले. आता मी त्या हेलकाव्यांच्या मागे जाते. शेवटी शेवटी ते इतके पुसट होतात की श्वास संथ केल्याशिवाय ऐकूच येत नाहीत, आणि तसे ऐकता ऐकता मनातली घाई कधी ओसरली ते कळतही नाही.

त्यानंतर सर्वजण मिळून एकच स्वर धरतात. प्रत्येकाचा श्वास निरनिराळ्या वेळी संपतो, पण एक जण थांबला तरी बाकीचे स्वर सांभाळतात, आणि श्वास भरून घेतलेला माणूस पुन्हा अलगद त्यात मिसळतो. आपण थांबलो तरी काही तुटत नाही, हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो, कारण घरी-दारी सगळे आपल्याच आधारावर उभे आहे असे समजून मी सतत धावत असते. लांबवलेल्या उच्छ्वासाबरोबर हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीरशास्त्र सांगते. लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वसन मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाल्याचे आढळले होते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांना 2013 मध्ये असेही दिसले की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढ-उतार एकमेकांशी जुळू लागतात. नादाने आजार बरे होतात असे जे सांगितले जाते, त्यावर मात्र माझा विश्वास नाही. तेव्हा आई, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या नियमित चालू राहू देत.

बाबा, मला खरे लिहायचे आहे ते पुढचेच. वयाबरोबर श्रवणशक्ती कमी होते तेव्हा बहुधा उंच स्वर आधी हरवतात. 'स', 'श', 'फ' यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच उंच ध्वनींवर अवलंबून असते, म्हणून बोलणे कानावर पडते पण शब्द उमगत नाहीत. म्हणजे तुमचे लक्ष नसते, हा माझा समज चुकीचा होता, आणि माझे ओरडणे तर निरुपयोगीच होते. सावकाश, स्पष्ट आणि समोर बसून बोलण्याने अधिक कळते. एका पुसट नादासाठी मी शनिवारी तासभर बसू शकते आणि तुमच्या एका प्रश्नासाठी अर्धे मिनिट थांबू शकत नाही, हे ध्यानात आले तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. तुम्ही दोघांनी कानांची तपासणी करून घ्यावी, अशी माझी विनंती आहे. मी रजा काढून सोबत येईन.

येताना तो वाडगा घेऊन येते. त्याचा खालचा स्वर खर्जातला आहे, तो तुम्हाला बहुतेक ऐकू येईल. नाही आला तरी तळहातावर ठेवला की त्याची कंपने बराच वेळ जाणवतात. आपण तिघे बसू. आई, तू स्वर धर; तुझा श्वास संपेल तिथे आम्ही दोघे आहोत.

तुमची,
लेक