लेसरच्या आधीचा काप

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. गाठीतील कर्कपेशी आणि त्यांच्या भोवतालच्या संयोजी ऊतीतील पेशी वेगवेगळ्या काढून दोन्हींच्या आरएनएची तुलना करायची, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मात्र लेसरने कापातून निवडक पेशी उचलणारे (लेसर मायक्रोडिसेक्शनचे) कोणते यंत्र बरे, या विचारात तू दोन पाने खर्च केलीस आणि त्यासाठी ऊतीचा पातळ काप कसा तयार करणार याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, म्हणून हे सविस्तर उत्तर.

यंत्राचे आधी उरकतो. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत अवरक्त लेसरमुळे टोपणावरची प्लॅस्टिकची फिल्म क्षणभर वितळून नेमक्या पेशींना चिकटते आणि टोपण उचलताच त्या पेशी सोबत निघून येतात. दुसऱ्या पद्धतीत अतिनील लेसर आपण आखलेल्या रेषेवरून काप कापतो. तो तुकडा काही यंत्रांत स्वतःच्या वजनाने खालच्या टोपणात पडतो, तर काहींत लेसरच्याच झटक्याने वर उडवला जातो. तुझ्या कामाला यांपैकी कोणतेही चालेल.

खरी अडचण निराळीच आहे. पेशी उचलायच्या असल्यामुळे कापावर कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) लावता येत नाही, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि एरवी सहज ओळखू येणाऱ्या पेशी धूसर, खरबरीत दिसतात. म्हणून लगतचा एक काप हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून, कव्हरस्लिप लावून, नकाशासारखा शेजारी ठेव आणि पहिल्या काही स्लाइड्सवरील रेषा विकृतिशास्त्रज्ञाला सोबत बसवूनच आख. कर्कपेशींच्या पुंजक्यात शिरलेल्या लसिकापेशी तुझ्या माझ्या नजरेतून सुटतात, त्याच्या सुटत नाहीत.

आरएनए हवा असल्याने ताजी गोठवलेली ऊतीच घे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या ऊतीत आकार सुरेख दिसतो, पण आरएनएचे तुकडे झालेले असतात. क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या ऊतीचे काप घेण्याच्या थंड यंत्रावर) ८ ते १० मायक्रोमीटर जाडीचे काप घे, ते लगेच ७० टक्के अल्कोहोलमध्ये स्थिर कर, क्रेसिल व्हायोलेटने थोडाच वेळ रंगव आणि चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन पूर्ण कोरडे कर. ओलावा राहिला की ऊतीतीलच आरएनएज हे आरएनए तोडणारे विकर कामाला लागते. माझे आठवडाभराचे काम असेच वाया गेले होते: मी लेसरला दोष देत बसलो आणि चूक निघाली ती वारंवार उघडल्यामुळे हवेतील पाणी शोषून बसलेल्या अल्कोहोलच्या बाटलीची! (त्या आठवड्यात मी यंत्राविषयी काय काय बोललो, ते इथे लिहीत नाही.)

आता हिशेब. एका पेशीत साधारण १० ते ३० पिकोग्रॅम आरएनए असतो, म्हणजे १० नॅनोग्रॅम हवा असेल तर १० पिकोग्रॅमच्या दराने हजार अखंड पेशी लागतील. पण कापात बऱ्याच पेशी अर्धवटच कापलेल्या असतात आणि निष्कर्षणातही काही आरएनए हातचा जातो, तेव्हा प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ जास्त पेशी गोळा कराव्या लागतील. काप जाड घेतला तर माल वाढतो, पण एकाखाली एक पेशी येऊन शेजारच्या पेशींची भेसळही वाढते. तुझा सगळा प्रश्न दोन प्रकारच्या पेशींतील फरकाचा असल्यामुळे मी तुझ्या जागी असतो तर ८ मायक्रोमीटरवरच थांबलो असतो आणि स्लाइड्स वाढवल्या असत्या.

लेसरसमोर बसण्यापूर्वी एक अख्खा रंगवलेला काप खरवडून त्याच्या आरएनएचा आरआयएन (आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा आकडा) काढून पाहा. १० पैकी ७ च्या खाली आला, तर त्या गाठीवर यंत्राचा वेळ घालवू नकोस. दुसरा तुकडा घेऊन गोठवण्यापासून पुन्हा सुरुवात कर. आकडा आला की मला कळव, म्हणजे पुढे किती पेशी उचलायच्या ते आपण दोघे मिळून ठरवू.

तुझा,
अविनाश