नुसते नाव खोडून काय होणार?

महोदय,
‘नावे काढूनच रुग्णांच्या नोंदी कंपन्यांना देतो’ हा रुग्णालयांचा खुलासा अपुरा आहे. पूर्ण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड शिल्लक असले की माणूस सापडतो. १९९७ मध्ये अमेरिकेत संशोधक लतान्या स्वीनी यांनी मतदारयादीशी ताडून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या वैद्यकीय नोंदी अशाच हुडकल्या होत्या. म्हणून जन्माचे फक्त साल ठेवावे, पिनकोडचे शेवटचे आकडे गाळावेत.

खरी गळती मात्र रकान्यांबाहेर होते. डॉक्टरांच्या मोकळ्या टिपणात नातेवाइकांची नावे असतात. सोनोग्राफीच्या चित्रावरच रुग्णाचे नाव उमटलेले असते आणि स्कॅनच्या डायकॉम (वैद्यकीय चित्रे साठवण्याच्या प्रमाणित) फाइलमध्ये ते आतही दडलेले असते; वरचे पुसले तरी आतले राहते. मोबाइल क्रमांकाचा नुसता ‘हॅश’ करणे, म्हणजे त्याच्या जागी गणिती सूत्राने काढलेला संकेत ठेवणे, ही तर धूळफेकच! दहा आकडी सगळे क्रमांक संगणक चटकन तपासून मूळ क्रमांक काढतो. त्या सूत्रात मिसळायची गुप्त किल्ली हवीच, आणि तीही रुग्णालयाकडेच.

त्यापेक्षा नोंदी बाहेर देऊच नयेत. कंपनीने आपला प्रोग्राम रुग्णालयाच्या सर्व्हरवर चालवावा आणि फक्त एकत्रित निष्कर्ष न्यावेत. तेही दहापेक्षा कमी रुग्णांचे गट वगळून.

– एक वाचक