गाडीतून विचारणारे वाढले, नकाशावरच्या नोंदीही सुधारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महामार्गाने सातारा जिल्ह्यातून जाणारा माणूस आता पंक्चरवाला, जेवण, मेकॅनिक किंवा दवाखाना कुठे आहे हे टपरीवर थांबून विचारत नाही. तो फोनला विचारतो, आणि अलीकडे थेट गाडीच्या पडद्याला. फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणारे ॲपलचे कारप्ले २०१४ मध्ये आले, तसेच गुगलचे अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाल्यावर डेटा स्वस्त झाला आणि २०१७ मध्ये गुगलला मराठीत बोलून शोधता येऊ लागले. हे सगळे जुळून आल्यामुळे शोध टेबलावरच्या संगणकावरून उठून स्टिअरिंगसमोर आला आहे. मात्र आपल्या जिल्ह्यातल्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या आणि सरकारी कार्यालयांच्या नोंदी त्या वेगाने सुधारलेल्या नाहीत. त्याबद्दल हे पत्र.

घरी बसून फोनवर शोधताना माणूस दहा नावे बघतो, फोटो पाहतो, फोन करून खात्री करतो. चालत्या गाडीत तसे होत नाही. चालकाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून गाडीच्या पडद्यावर यादी मुद्दाम छोटी ठेवतात आणि बऱ्याच गाड्यांत वेग घेतल्यावर अक्षरे टाइप करणेच बंद होते. वरची दोन-तीन नावे दिसतात आणि चालक त्यातले पहिले दाबतो. त्यामुळे नोंद अर्धवट असेल तर दुकान असूनही नसल्यासारखे होते. नोंद चुकीची असेल तर त्याहून वाईट, कारण गाडी भलतीकडेच जाते.

सगळ्यात जास्त घोटाळा पिनेचा, म्हणजे नकाशावर जागा दाखवणाऱ्या खुणेचा. नकाशा पिनेपर्यंत नेत नाही, पिनेला जवळ असलेल्या रस्त्यापर्यंत नेतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ ला दुभाजक आहे, बाजूला सेवा रस्ता आहे, काही ठिकाणी मागून गावातला जुना रस्ताही जातो. हॉटेलची पिन इमारतीच्या मागच्या भिंतीवर पडली असेल आणि मागचा रस्ता तिथून जवळ असेल, तर नकाशा ग्राहकाला मागच्या गल्लीत सोडतो. पिन रस्त्याच्या मध्यावर किंवा दुभाजकापलीकडे सरकलेली असेल तर गाडी समोरच्या बाजूला पोहोचते आणि पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळून यावे लागते. बहुतेक चालक तेवढे करत नाहीत, पुढच्या हॉटेलात थांबतात. म्हणून पिन इमारतीच्या मध्यावर न ठेवता गाडी ज्या फाटकातून आत येते त्या फाटकाशी, प्रवेशाच्या रस्त्याच्या बाजूला ठेवावी. उपग्रह छायाचित्राचा थर चालू करून, जास्तीत जास्त मोठे करून ती सरकवावी. नंतर एकदा पुण्याकडून आणि एकदा कराडकडून मार्ग लावून बघावा. दोन्ही वेळा शेवटची सूचना बरोबर आली तरच काम झाले.

नोंद आपल्या नावावर घेतल्याशिवाय हे पक्के होत नाही. गुगल मॅप्सवर आपले दुकान उघडून मालकीचा दावा करण्याचा पर्याय निवडायचा. पडताळणी आता बहुतेक वेळा व्हिडिओने होते. व्हिडिओ न तोडता, न जोडता, किमान ३० सेकंदांचा एकसलग असावा. त्यात आधी रस्ता व शेजारची ओळखीची खूण, मग फलक, मग आतला माल किंवा यंत्रे, आणि शेवटी दुकान आपल्याच ताब्यात आहे हे दाखवणारी कृती, म्हणजे कुलूप उघडणे किंवा गल्ल्यामागे जाणे, एवढे यावे. फलकावरचे नाव आणि नोंदीतले नाव वेगळे असले की अर्ज अडकतो. काही जण नावापुढे ‘सातारा हायवे बेस्ट फॅमिली’ अशी शेपटी जोडतात. ती नियमाविरुद्ध आहे आणि तक्रार झाल्यास नोंद स्थगित होऊ शकते.

व्यवसायाचा प्रकार निवडताना नेमका निवडा. टायरचे दुकान ‘ऑटो पार्ट्स’मध्ये घातले तर ‘पंक्चर’ विचारणाऱ्याला ते मागे पडते. वेळांचे तर विशेष सांगायला हवे. आपल्याकडे बरीच दुकाने दुपारी बंद असतात आणि डॉक्टरांची ओपीडी सकाळ-संध्याकाळ असते. एका दिवसासाठी वेळेचे दोन तुकडे भरता येतात, उदाहरणार्थ १० ते १ आणि ५ ते ८. तरीही ‘१० ते ८’ असे सरसकट भरलेले दिसते आणि रुग्णाला घेऊन आलेली गाडी दुपारी अडीचला बंद दारासमोर उभी राहते. वेळ अजिबात भरली नसेल तर ‘आत्ता उघडे’ ही चाळणी लावल्यावर ती नोंद गळून जाते. दिवाळी, यात्रेचे दिवस यांसाठी विशेष वेळांचा वेगळा रकाना आहे, तो वापरावा.

गुगलवर सुधारले म्हणजे सगळीकडे सुधारले असे मात्र नाही. अनेक गाड्यांत कंपनीने बसवून दिलेला नकाशा मॅपमायइंडियाचा असतो, आयफोनधारकांपुढे कारप्लेवर आधी ॲपलचा नकाशा उघडतो, तर डोंगर भटकणाऱ्यांच्या फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ॲप असतात. चारही ठिकाणी बदल विनामूल्य कळवता येतो.

आता बोलून शोधण्याबद्दल. इथे सातारा जिल्ह्याची स्वतःची अडचण आहे, ती म्हणजे गावांची नावे. ‘औंध’ म्हटले की फोन पुण्यातल्या औंधला नेऊ पाहतो, आपल्याला हवे असते खटाव तालुक्यातले यमाईचे औंध. ‘खंडाळा’ म्हटले की लोणावळ्याशेजारचा घाट. ‘कोरेगाव’ म्हटले की कोरेगाव पार्क किंवा कोरेगाव भीमा. कराड तालुक्यातल्या खंडोबाच्या पालऐवजी रायगडमधली अष्टविनायकाची पाली येते. नागठाणे साताऱ्याजवळ महामार्गावर आहे तसे सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातही आहे. खुद्द ‘सातारा’ नावाचा परिसर छत्रपती संभाजीनगरातही आहे. शिवाय ‘मसूर’ म्हटल्यावर डाळीचे भाव समोर येऊ शकतात, आणि फोनची आवाजाची भाषा इंग्रजी असेल तर ‘वाई’चे इंग्रजी अक्षर होते.

यावर उपाय साधा आहे. गुगल ॲपच्या सेटिंगमध्ये ‘व्हॉइस’खाली भाषांच्या यादीत मराठी निवडावी आणि गाव बोलताना तालुका जोडावा: ‘औंध खटाव’, ‘पाल कराड’, ‘नागठाणे सातारा’. मार्ग सुरू करण्याआधी पडद्यावर दिसणारे अंतर वाचावे. साताऱ्यातून औंधला निघालेल्याला शंभराच्या वर किलोमीटर दिसले तर गाव चुकले आहे, हे तिथेच कळते. दुकानदारांनीही पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पूर्ण लिहावा. तालुका वगळलेली नोंद आवाजी शोधात मागे राहू शकते.

चालकांसाठी काही गोष्टी. ठिकाण घरूनच फोनवर शोधून जतन करा. गाडीच्या पडद्यावर तेच गुगल खाते असल्यामुळे ते तिथे आपोआप दिसते. वाटेत पेट्रोल किंवा जेवण शोधायचे असेल तर आधी मुक्कामाचा मार्ग सुरू करा आणि मग शोधा. मार्ग चालू असताना शोधले की वाटेवरची ठिकाणे आणि वळसा किती मिनिटांचा पडेल ते दिसते. मार्ग न लावता ‘जवळचा पंप’ विचारला तर सरळ रेषेत जवळचा दाखवला जातो, आणि तो दुभाजकापलीकडे किंवा तुम्ही मागे टाकलेला असू शकतो.

‘जवळचे’ विचारल्यावर भलत्याच गावाची नावे येत असतील तर स्थानाची परवानगी तपासा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून ॲपला ‘अंदाजे’ स्थान देता येते, आणि अनेकांकडून घाईत तेच दाबले गेलेले असते. तिथे ‘अचूक’ करा. दुसरे म्हणजे वाहनाचा प्रकार. गुगलने २०१७ च्या डिसेंबरात भारतात दुचाकीचे वेगळे मार्ग सुरू केले. आदल्या दिवशी मोटारसायकलसाठी लावलेला प्रकार तसाच राहिला तर चारचाकीला अरुंद बोळातून आणि पाणंदीतून नेले जाते. ‘नकाशाने फसवले’ अशी तक्रार येते तेव्हा हे आधी पाहावे.

साताऱ्यात पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात, नकाशाचा बाण भरकटतो. फोनला उपग्रहांकडून आडवे स्थान बऱ्यापैकी कळते, उंची फार ढोबळ कळते आणि छताखाली संकेतच मिळत नाही. त्यामुळे गाडी खाली आहे की वर, हे नकाशाला ओळखता येत नाही. नवख्याने आत शिरण्याआधीच फलक वाचून ठरवावे. खंबाटकीच्या बोगद्यातही बाण थोडा वेळ अंदाजाने चालतो, पण तिथे वळण नसल्याने बिघडत नाही.

कास, बामणोली, ठोसेघर या बाजूला नेटवर्क तुटक आहे. निघण्याआधी गुगल मॅप्समध्ये आपल्या चित्रावर दाबून ऑफलाइन नकाशे उघडावेत, चौकट सातारा ते महाबळेश्वर एवढी ओढून नकाशा वाय-फायवर उतरवून घ्यावा. त्यात चारचाकीचा मार्ग आणि नावाने शोध चालतो, पण रहदारी दिसत नाही आणि चालत जाण्याचा मार्ग मिळत नाही. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू ठेवावी.

उपकरणांतले दोष छोटे असतात, पण माणूस कंटाळून फोन हातात घेतो आणि धोका तिथेच सुरू होतो. अँड्रॉइड ऑटो जोडले जात नसेल तर प्रथम केबल बदला. स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. गाडीतले जुने यूएसबी छिद्र ५ व्होल्टला ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देते. पडदा आणि जीपीएस चालू असलेल्या फोनला ते पुरत नाही, चार्जिंगला लावूनही बॅटरी उतरते. १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये १८ वॅट किंवा अधिकचा चार्जर लावा. ट्रकमध्ये वीज २४ व्होल्टची असते, तिथे १२-२४ व्होल्ट असे छापलेलाच चार्जर हवा. चुंबकाच्या स्टँडमुळे फोनमधले होकायंत्र बिघडते आणि गाडी उभी असताना बाण उलटा दिसतो. वेग घेतल्यावर दिशा उपग्रहांवरून ठरते, त्यामुळे बाण सुधारतो. क्लिपचा स्टँड घेतल्यास हा प्रश्नच राहत नाही. तो काचेखाली उन्हात न लावता एसीच्या झरोक्याजवळ लावा. माण-खटावच्या एप्रिलच्या उन्हात डॅशबोर्डवरचा फोन तापतो, पडदा मंद होतो आणि चार्जिंग थांबते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने चालवताना हातातला फोन वापरणे धोकादायक चालवण्यात धरले गेले. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांनी फक्त मार्गदर्शनासाठी, तेही एकाग्रता न ढळता, असा वापर चालू ठेवला आहे. चालवता चालवता हॉटेलांचे फोटो चाळणे त्यात बसत नाही.

अपघात झाला किंवा छातीत दुखू लागले तर ‘जवळचा दवाखाना’ शोधत बसू नका. त्या क्षणी शोध हे चुकीचे साधन आहे, कारण अतिदक्षता कक्षात खाट आहे का, डॉक्टर हजर आहेत का, हे नकाशाला माहीत नसते. १०८ किंवा ११२ लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतवाहिनी आहे, फास्टॅगच्या तक्रारीही तिथेच घेतात. आनेवाडी किंवा तासवडे टोलनाक्यावर फास्टॅग अडला म्हणून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधणे धोक्याचे आहे. वर येणारे क्रमांक प्रायोजित किंवा बनावट असू शकतात. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतवाहिनीला कळवा.

जिल्हा परिषदेला आमची एक विनंती आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राची पिन, चालू दूरध्वनी आणि वेळा तिथल्याच कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्याव्यात. मळ्यात आणि वस्तीवर राहणाऱ्यांना रस्त्याचे नाव नसते. त्यांच्यासाठी प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी नेमकी जागा सांगणारा गुगलचा कोड, आहे. नकाशावर घराच्या जागी बोट दाबून धरले की तो मिळतो, दहा अक्षरांचा कोड सुमारे १४ मीटरचा चौकोन दाखवतो. टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात आणलेला डिजिपिन तर सुमारे ४ मीटरचा आहे. ग्रामपंचायतीने घरपट्टीच्या पावतीवर हे दोन कोड छापले तर रुग्णवाहिकेच्या चालकाला फोनवर सांगायला घरात काहीतरी नेमके असेल.

आणि आपल्या वृत्तपत्राला एक. घाटात दरड कोसळली, पुलाचे काम निघाले किंवा कासच्या हंगामात वाहतूक एकेरी केली की ‘रस्ता बंद’ अशी बातमी येते. त्यात कोणत्या फाट्यापासून कोणत्या फाट्यापर्यंत, कोणत्या वाहनांना, कोणत्या दिशेने आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात. मग कोणताही वाचक तो बदल त्याच सकाळी नकाशावर कळवू शकेल.

आपले,
गाड्यांत उपकरणे बसवणारे व नकाशावरील नोंदींचे काम करणारे काही वाचक, सातारा