कपाटात सापडलेली नवी जात

बेलो होरिझोंटे, ब्राझील

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी जिच्यावर शोधनिबंध लिहिला आहे ती सेलाजिनेला या वनस्पतीची नवी जात जंगलात नव्हे, तर विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहातल्या कपाटात सापडली, असे मी फोनवर सांगितले तेव्हा बाबांना ती थट्टा वाटली. "कपाटात ठेवली कुणी, आणि ज्याने ठेवली त्याला ती सापडली नव्हती का?" हा त्यांचा प्रश्न मात्र नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याचे उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखे नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

आधी वनस्पतीविषयी. सेलाजिनेला ही पाहताक्षणी शेवाळे वाटते. ओल्या खडकावर किंवा ओढ्याकाठच्या मातीवर ती पसरते, बहुतेक जाती वीतभरही उंच होत नाहीत, आणि फूल, फळ, बी यांचा पत्ताच नसतो. पण शेवाळ्यात नसते ती पाणी वाहून नेणारी शीर हिच्या खोडात आणि प्रत्येक पानात असते, त्यामुळे शेवाळ्याशी तिचे नाते नाही. नेच्यांशीही ते दूरचेच. तिच्या घराण्याची शाखा चाळीस कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. युरोप-अमेरिकेतला दगडी कोळसा ज्या प्रचंड वृक्षांपासून झाला, ते लेपिडोडेंड्रॉन याच घराण्यातले. ते वृक्ष गेले आणि त्यांची ही ठेंगणी भावंडे टिकली. आज सेलाजिनेला या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, सातशेहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांतल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधातल्या आहेत आणि दक्षिण अमेरिकेत त्यांची मोठी गर्दी आहे.

एवढ्या जाती एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या कशा, हे कळले की बाबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. नेहमीच्या सेलाजिनेलाच्या फांदीवर पानांच्या चार रांगा असतात. दोन बाजूंना मोठ्या पानांच्या दोन रांगा पसरलेल्या असतात आणि वरच्या अंगाला, खोडाला चिकटून, अगदी लहान पानांच्या दोन रांगा असतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला मोठी पानेच दिसतात, पण ओळख पटते ती लहान पानांवरून. वाळलेल्या नमुन्यातले असे एक पान काढायचे म्हणजे आधी फांदीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्याने पान बुडापासून सोडवायचे. पान जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे असते आणि श्वास जोरात सोडला तरी उडते. त्यावर सोन्याचा अतिपातळ थर चढवून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की दिसू लागते, की कडेला दाते आहेत की लांब केस, कडेच्या पेशी किती ओळींत लांबट झाल्या आहेत, बुडाशी कानाच्या पाळीसारखा भाग आहे की नाही, पर्णरंध्रे पानभर विखुरली आहेत की मधल्या शिरेलगतच आहेत. माझ्या जातीत ती कडेच्या पट्ट्यावरही आहेत, आणि जिच्या नावाखाली हा नमुना इतकी वर्षे पडून होता तिच्यात तशी नाहीत. पहिला संशय तिथे आला.

मुख्य खोडावरची पाने आणि फांदीच्या टोकाची पाने सारखी नसतात, त्यामुळे कुठले पान कुठून घेतले याची नोंद ठेवावीच लागते. फांद्यांच्या टोकांना चौकोनी कणसे येतात आणि त्यांत दोन प्रकारची बीजुके (बीजाणू) तयार होतात. लघुबीजुके धुळीइतकी बारीक असतात. गुरुबीजुके अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची असून एका पिशवीत बहुधा चारच असतात. त्यांच्या पृष्ठभागावरची नक्षी जातीजातीत बदलते, पण कणीस न आलेला नमुना हाती पडला की हा पुरावा हुकतो. कपाटांतले अर्धे नमुने तसलेच आहेत, हे मी वैतागून लिहीत आहे.

आता कपाटाकडे. जंगलात जाणारा माणूस एका फेरीत शेकडो वनस्पती गोळा करतो आणि त्याचे लक्ष बहुधा झाडांकडे किंवा फुलांकडे असते. पायाशी दिसलेला सेलाजिनेलाचा झुबका तो उपटतो, वर्तमानपत्रात दाबतो आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख व स्वतःचा क्रमांक लिहितो. संग्रहात आल्यावर कुणीतरी परिसरातल्या सर्वांत परिचित जातीचे नाव त्यावर टाकतो आणि पुढे तेच नाव चालत राहते. यात निष्काळजीपणा थोडा आणि मनुष्यबळाची टंचाई फार. सपुष्प वनस्पतींवर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नव्या जातींपैकी केवळ १६ टक्के जाती पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णिल्या गेल्या, आणि जवळजवळ चतुर्थांश वर्णने पन्नास वर्षांहून जुन्या नमुन्यांवर आधारलेली होती. सेलाजिनेलाची गत याहून बरी असेल असे मला मुळीच वाटत नाही. तेव्हा बाबा, ज्याने ती कपाटात ठेवली त्याला वनस्पती सापडली होती, जात सापडली नव्हती.

संशय आला म्हणजे जात नवी ठरली असे नाही. या वनस्पतीला आधी कुणी नाव दिलेले नाही हे दाखवावे लागते, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच जातो. ब्राझीलमधल्या सेलाजिनेलांचे पहिले व्यवस्थित वर्णन अँटोन स्प्रिंग यांनी १८४० मध्ये 'फ्लोरा ब्रासिलिएन्सिस' या महाग्रंथात केले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियस यांनी १८१७ ते १८२० या काळात ब्राझीलभर फिरून जे नमुने युरोपात नेले, त्यांचाही आधार त्या ग्रंथाला होता. पुढे स्प्रिंग यांनी संपूर्ण घराण्यावर ग्रंथ लिहिला, १८८७ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या बेकर यांनी हँडबुक काढले, आणि लंडनच्या ऑल्स्टन यांनी विसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतल्या जातींवर जे काम केले ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, इतरांनी पुरे करून छापले. जुनी वर्णने लॅटिनमध्ये असून कधी कधी चार-पाच ओळींतच आटोपलेली असतात. पानाच्या कडेच्या पेशींचा त्यांत उल्लेख नसतो, कारण त्या इतक्या बारकाईने पाहण्याची रीत तेव्हा नव्हती. मग वर्णन सोडून मूळ नमुन्याकडे जावे लागते.

हा भाग बाबांना सहज कळेल. तुमच्या भूमी अभिलेख कार्यालयात दोन शेतांचा वाद आला, की लोक काय सांगतात ते बाजूला ठेवून तुम्ही हद्दीचा दगड शोधायला जायचा. वनस्पतीच्या नावाचेही तसेच आहे. प्रत्येक नाव एका ठराविक नमुन्याला कायमचे बांधलेले असते. पुढे कुणी त्या जातीची व्याप्ती वाढवो की घटवो, तो नमुना ज्या जातीत पडेल तिकडे नाव जाते. १९५८ पासून असा नमुना नेमल्याशिवाय नवे नाव ग्राह्यच धरले जात नाही. माझ्या जातीशी जवळीक असलेल्या नावांचे मूळ नमुने युरोपातल्या वेगवेगळ्या संग्रहांत आहेत. त्यांची छायाचित्रे आता संगणकावर पाहता येतात, पण छायाचित्रात पान दिसते, पानाची कड दिसत नाही. ती हवी असेल तर त्या संग्रहाला पत्र लिहून एक-दोन पाने काढून घेण्याची परवानगी मागायची. दीडशे वर्षे जपलेल्या कागदावरचे पान कुणी सहजासहजी देत नाही, आणि तसे देऊही नये.

या कामातले मला सर्वांत पटलेले उदाहरण म्हणजे पनामा विद्यापीठातले इव्हान वाल्देस्पिनो आणि त्यांचे सहकारी यांचा २०१५ मधला शोधनिबंध. त्यात त्यांनी ब्राझीलमधल्या सात नव्या जाती एकदम वर्णिल्या. शिवाय त्याच निबंधात काही जुन्या नावांचा गुंताही सोडवला. वर्तमानपत्रे पहिल्या अर्ध्याची बातमी करतात. माझ्या मते दुसरे अर्धे काम अधिक कष्टाचे आहे, कारण एकाच वनस्पतीला तीन नावे असतील तर तिचा आढळ, तिची दुर्मीळता, तिचे रक्षण यांविषयी केलेली प्रत्येक नोंद तीन ठिकाणी विखुरलेली राहते.

कपाटातल्या कागदावर समाधान मानून चालत नाही, म्हणून जिथून तो नमुना आला होता त्या भागात आम्ही गेलो. अटलांटिक किनाऱ्यालगतचे हे अरण्य एके काळी सलग होते. आता कॉफीचे मळे आणि गुरांची कुरणे यांच्यामध्ये त्याचे तुकडे उरले आहेत. जिवंत वनस्पती पाहण्याचे कारण असे, की सेलाजिनेला जागेप्रमाणे फार बदलते. दाट सावलीत पाने मोठी, पातळ आणि विरळ होतात, तर उघड्यावर तीच वनस्पती आखूड आणि दाट होते. केवळ एवढ्या फरकावर नव्या जाती रचणारे लोक होऊन गेले आहेत, आणि त्यांची नावे पुसण्यात पुढच्यांची वर्षे गेली. आम्हाला ओढ्याच्या सावलीत आणि वरच्या उघड्या उतारावर, दोन्हीकडे ती वनस्पती मिळाली. उंची बदलली होती, रंग बदलला होता, पण कडेची पर्णरंध्रे दोन्ही ठिकाणी तशीच होती. त्या दिवशी मी निश्चिंत झाले.

डीएनएचा आधार आम्ही घेतोच, पण त्याने सारे वाद मिटतात असा बाबांचा समज दिसतो, तो खरा नाही. २०१६ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या वेस्टस्ट्रँड आणि कोराल यांनी जनुकांवरून सेलाजिनेलाची वंशावळ मांडली आणि प्रजाती एकच ठेवून तिच्या सात उपप्रजाती केल्या. २०२३ मध्ये चीनमधल्या झोउ आणि झांग यांनी याच घराण्याच्या १९ स्वतंत्र प्रजाती कराव्यात असे सुचवले. वंशावळीच्या मुख्य फांद्यांविषयी दोन्ही पक्षांत फारसे दुमत नाही, वाद आहे तो कोणत्या फांदीला कोणता दर्जा द्यायचा याचा. मी माझ्या निबंधात सेलाजिनेला हेच नाव ठेवले आहे. पानाच्या बुडाशी असणारी सूक्ष्म जिव्हिका, म्हणजे जिभेसारखा पापुद्रा, आणि दोन प्रकारची बीजुके यांसारख्या लक्षणांवरून ही सगळी प्रजाती ओळखता येते. ती सोय मोडून शेकडो नावे बदलण्याइतका लाभ मला त्यात दिसत नाही. माझ्याच प्रयोगशाळेतल्या काहींना हे पटत नाही, आणि दुपारच्या जेवणात आमचे त्यावरून खटके उडतात.

आई, तू विचारलेस की ही तुझ्या संजीवनीपैकी आहे का. जत्रेत वाळलेला गोळा पाण्यात टाकून उलगडून दाखवतात ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस, म्हणजे याच प्रजातीतली. रामायणातली संजीवनी कोणती असावी याचा शोध घेताना काही भारतीय शास्त्रज्ञांनी तिचा गंभीरपणे विचार केलेला आहे. इथे ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या मुलखातही सेलाजिनेला कॉन्व्होल्युटा तशीच महिनोन्‌महिने वाळून पडते आणि पावसात पुन्हा हिरवी होते. पण विक्रेत्याच्या हातातला गोळा उलगडला म्हणून तो जिवंत आहे असे समजू नकोस. अशा जातींची मेलेली, वाळलेली वनस्पतीसुद्धा पाणी शोषून उलगडू शकते. माझी जात ओलाव्यात राहणारी आहे, आठवडाभर पाणी तुटले तर ती मरेल. तिचा औषधी उपयोग कुणी सांगितलेला नाही आणि मीही सांगणार नाही.

आई, तिला तुझे नाव द्यावे, ही बाबांची सूचना मी हसण्यावारी नेली असे त्यांना वाटले असेल. नियम त्याच्या आड येत नाहीत. पण ज्याने तो पहिला नमुना कित्येक वर्षांपूर्वी पाठीवरून वाहून आणला त्याचा, किंवा मग वनस्पतीच्या एखाद्या ठळक लक्षणाचा हक्क मला आधीचा वाटतो. नाव ठरले आहे, पण छापून येईपर्यंत ते कुठेही लिहायचे नाही असा संकेत आहे, म्हणून या पत्रातही लिहीत नाही. पूर्वी सोबत लॅटिन वर्णन सक्तीचे होते. २०१२ पासून इंग्रजीही चालते, त्यामुळे माझी एक मोठी डोकेदुखी वाचली. निबंध परीक्षकांकडे गेला आहे. "ही सावलीतली विकृती असावी" असे त्यांच्यापैकी एकजण तरी म्हणेल, असे आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात. उतारावरचे नमुने त्यासाठीच जोडले आहेत.

आता बाबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोविषयी. आपल्या वहाळाच्या गडग्यावरची ती वनस्पती सेलाजिनेलाच आहे, एवढे खात्रीने सांगते. जात मात्र फोटोवरून सांगणार नाही. ती कुरियरने माझ्याकडे पाठवू नका. परवानगीशिवाय असे नमुने देशाबाहेर पाठवता येत नाहीत. त्याऐवजी पाऊस ओसरला की टोकांना कणसे आलेल्या दोन-तीन फांद्या मुळासकट काढा, वर्तमानपत्राच्या घडीत सपाट पसरा आणि वर जड पुस्तके ठेवा. काही पाने उलटी राहू द्या, म्हणजे दोन्ही अंगे दिसतील. पहिला आठवडा कागद रोज बदला, नाहीतर आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरेल. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख, सावली किती आणि खाली चिरा होता की माती, हे बाबांच्याच अक्षरात असावे, कारण माझे अक्षर कुणालाच लागत नाही. दिवाळीनंतर काका पुण्याला जातील तेव्हा ते पाकीट कोरेगाव रस्त्यावरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात पोहोचवायला सांगा, आणि नमुन्याला कोणता क्रमांक मिळाला ते मला कळवा.

तुमची,
मुक्ता